तळ्यात कासव सोडण्याआधी

स्पेनच्या वायव्येला, गॅलिसियात, तिथली मूळची युरोपीय कासवं आजारी पडून दगावू लागली. तपासणीत त्यांच्या शरीरात ‘स्पायरॉर्किस एलेगन्स’ हे रक्तवाहिन्यांत राहणारे चपटे कृमी सापडले. हा कृमी अमेरिकेतला. सोडून दिलेल्या अमेरिकी कासवांकडूनच तो बहुधा आला असावा, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध सांगतो.

अशा अमेरिकी कासवांपैकीच एक म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेला रेड-इअर्ड स्लायडर. मुंबई-पुण्याच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत तो पिल्लू असताना विकला जातो. पुढे मादी फूटभराच्या आसपास वाढते, वीस-तीस वर्षं जगते, टाकीचं पाणी सतत घाण करते. मग घरात ठरतं, तळ्यात सोडू, बिचारं मोकळं होईल. ‘कुठल्या तळ्यात सोडू?’ हा प्रश्न प्रस्तुत लेखिकेला ओळखीतून अनेकदा येतो. विचारणाऱ्याच्या मनात दयाच असते, म्हणून नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही, कारणही सांगावं लागतं.

स्पायरॉर्किसची अंडी कासवाच्या अवयवांत अडकून तिथे दाह होतो. बाहेर पडलेल्या अंड्यांतली अळी आधी पाणगोगलगायीत वाढते, मग पुढच्या कासवात शिरते. पॉलिस्टोम नावाच्या कृमींना गोगलगायही लागत नाही. कासवाच्या मूत्राशयात, तोंडात किंवा पापणीआड ते राहतात आणि त्यांची अळी पोहत थेट दुसऱ्या कासवाकडे जाते. दक्षिण फ्रान्समध्ये अमेरिकी पॉलिस्टोम असेच देशी ‘मॉरेमिस लेप्रोसा’ कासवांपर्यंत पोचले. आपल्याकडचं काळं कासव त्याच कुळातलं आहे. दख्खनच्या नद्यांतलं लीथचं मऊ पाठीचं कासव तर आधीच अतिसंकटग्रस्त.

म्हणून स्लायडर नदीत, विहिरीत, देवळाच्या तळ्यात, कुठेच सोडू नका. विष्ठेच्या तपासणीत काही निघालं नाही तरीही नको. कृमींची अंडी प्रत्येक नमुन्यात येतातच असं नाही.

पाळणं जमत नसेल तर अनुभवी पाळणाऱ्याकडे द्या, नाहीतर वनविभागाला किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला विचारा. टाकीतलं पाणी, वनस्पती, गोगलगायी ओढ्यात टाकू नका. पाणी संडासात ओता.

माणसाला धोका आहे तो मुख्यतः साल्मोनेला जिवाणूचा. त्यामुळेच अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. टाकी स्वयंपाकघरात धुऊ नका, कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवा, आणि पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर कासव आणूच नका.