वहीत आधी नाव लिही

चंद्रपूर

चि. बाळीस,


तुझं पत्र मिळालं. भामरागडकडच्या शाळेत रुजू होऊन दोन महिने झाले, तरी पहिलीतली पोरं तोंड उघडत नाहीत म्हणून तू हिरमुसली आहेस. पण सुट्टी झाली की तीच पोरं माडिया या आपल्या गोंडी बोलीत गलका करतात, हेही तूच लिहिलंस. मग वर्गात मुकं कोण आहे, पोरं की बाई?

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात तू तीन वर्षं काढलीस. त्या हिस्लॉपची गोष्ट ऐक. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा पाद्री, 1845 मध्ये नागपूरला आला. शिकला होता धर्मशास्त्र, आणि आला होता धर्म सांगायला. पण सांगायचं तर आधी ऐकावं लागतं, हे त्याला उमगलं. मराठीनंतर तो गोंडीकडे वळला. एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या कथा गाणाऱ्या भाटाच्या, तोंडून त्यांच्या आदिपुरुष लिंगोचं लांबलचक गीत त्यानं मूळ गोंडीत उतरवून घेतलं. आपल्या सिरोंच्याकडच्या कोटा गावातले माशांचे जीवाश्मही त्यानं अभ्यासले. दगडातला मासा हातात घेऊन निरखता येतो. बोली मात्र बोलणाऱ्यानं दिली तरच मिळते.

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना, पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. वय पंचेचाळीस. त्याची अपुरी टिपणं इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलनं 1866 मध्ये छापली, म्हणून ते गीत कागदावर राहिलं.

बोलणाऱ्याकडून भाषा घेण्याचं हॉलंडच्या एर्पेनियस या अरबीच्या अभ्यासकाचंही असंच. तोही धर्मशास्त्र शिकलेला. 1613 मध्ये त्याचं अरबी व्याकरण आलं आणि युरोपात गाजलं. पण त्याआधी, 1611 मध्ये, तो फ्रान्समध्ये मोरोक्कोहून आलेल्या अल-हजरीपुढे अरबीचा विद्यार्थी होऊन बसला होता.

हिस्लॉपचं सगळंच घेऊ नकोस. त्याला माणसं आपल्या धर्मात आणायची होती. तुला पोरांना त्यांच्या घरापासून तोडायचं नाही. शेजारच्या हेमलकशात 1973 पासून डॉ. प्रकाशभाऊ आणि डॉ. मंदाताई आमटे आदिवासींमध्ये राहिले, त्यांनीही माडिया शिकूनच रोग्यांशी संवाद साधला.

तेव्हा उद्या फळ्यावर आकडे लिही आणि म्हणायला पोरांना सांग. गोंडीत तीन म्हणजे मूंद, चार म्हणजे नालुंग. सिरोंच्याचा तेलुगू बोलणारा मूडु, नालुगु म्हणतो. हे नातं कानाला लगेच कळतं. तू चुकशील, पोरं हसतील. हसू दे. ज्या दिवशी ती तुला सुधारतील, त्या दिवशी वर्ग बोलू लागेल.

2011 च्या जनगणनेत गोंडी भाषेखाली 29 लाखांहून अधिक लोक नोंदले गेले, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही. ते तुझ्या-माझ्या हातात नाही. वही मात्र तुझ्या हातात आहे. एखाद्या आजीनं शब्द दिला, गाणं दिलं, तर आधी तिला विचारून तिचं नाव आणि गाव लिही, मग शब्द. लिहिलेलं तिला वाचून दाखव. हिस्लॉपच्या नावानं कॉलेज उभं आहे. त्या परधानाच्या नावानं साधी पाटीही मी कुठं पाहिली नाही.

दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये. पहिल्या पानावर कुणाचं नाव आहे, ते मी आधी पाहीन.

तुझा,
मामा