रोज दहा वेळा लिहूनही शब्द चुकतात

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. गोष्टी छान सांगतो. पण वाचताना अडखळतो, 'दिन' आणि 'दीन' यांत गोंधळतो. रोज दहा वेळा लिहून घेते, तरी फरक नाही. काय करू? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, हा आळस नव्हे. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाशी संबंधित अध्ययन अक्षमता, असू शकतो. डोळे-कान तपासून मानसशास्त्रीय चाचणी करून घ्या. दहा-दहा वेळा लिहून घेणे थांबवा. एका वेळी एकच वेलांटी घ्या : आवाज मोठ्याने म्हणत त्याने ती रव्यात बोटाने गिरवावी. पक्की झाली की पुढची. जोडाक्षरे फोडून शिकवा : 'पुस्तक'मध्ये आधी 'स्', मग 'त'. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे; प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. वर्गात सर्वांसमोर वाचायची सक्ती करू नका, हे शिक्षकांनाही आवर्जून सांगा.