थोड्या बर्फाचा धोका

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात बर्फ दिसतो तो रसवंतीत, नाहीतर शीतगृहात. तेव्हा हिमस्खलनावरील लेख आपल्या वार्षिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, येथील कारखान्यांत काम करणारे व महाविद्यालयांत शिकणारे कितीतरी तरुण सह्याद्रीतील गड पालथे घातल्यावर हिमालयाकडे वळतात, आणि सुट्टी नाताळात मिळते म्हणून डिसेंबरातच जातात. अशाच एका मित्राने मला विचारले, "डिसेंबरात बर्फ गुडघाभरही नसतो. मग भीती कसली?" मी भूगोलाचा विद्यार्थी. या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे समजले ते येथे मांडतो.

डोंगरावरचा बर्फ हा एकजीव गोळा नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर, असे थरावर थर साचत जातात. हे थर एकमेकांना धरून असतात तोवर उतार शांत राहतो. एखाद्या थराची पकड सुटली की त्यावरचा सगळा बर्फ लादीसारखा तुटून घसरतो. अशी स्खलने बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा घसरत नाही, आणि फार उभ्या कड्यावर तो साठत नाही.

आता मित्राच्या प्रश्नाकडे वळू. बर्फाखालची जमीन उन्हाळ्यातील ऊब धरून असते. त्यामुळे थराच्या तळाचे तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते. वरची हवा मात्र निरभ्र रात्री उणे १५ अंशांपर्यंत उतरते. समजा, बर्फाची जाडी ४० सेंटीमीटर आहे. म्हणजे १५ अंशांचा फरक केवळ ४० सेंटीमीटरांत पडला; दर १० सेंटीमीटरला पावणेचार अंश. हाच बर्फ दोन मीटर जाड असता तर हे प्रमाण एका अंशाहूनही कमी भरले असते. दर १० सेंटीमीटरला साधारण एक अंशाहून अधिक फरक असला, की तळाकडील बाष्प वेगाने वर सरकते आणि बर्फाचे कण मोठे, टोकदार व सुटे होऊ लागतात. मुठीत धरले तर ते खडीसाखरेसारखे ओघळतात. त्यांचा गोळा वळत नाही.

म्हणजे बर्फ थोडा आहे म्हणून धोका थोडा, हा समज उलटा आहे. हंगामाच्या आरंभीचा पातळ बर्फ काही आठवडे कोरड्या थंडीत पडून राहिला की तो साऱ्या हिवाळ्याचा कच्चा पाया बनतो. सूर्य न पोचणाऱ्या उत्तरेकडील उतारांवर हे विशेष घडते. पुढे पश्चिमेकडून वादळ येते, एका रात्रीत दोन-तीन फूट बर्फ पडतो, आणि तो भार या सुट्या कणांवर येऊन बसतो. मग एका माणसाचे वजनही पुरते. प्राणघातक स्खलनांपैकी बहुतेक स्खलने त्यात सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या पावलानेच सुटलेली असतात.

हिमस्खलन ऐन हिवाळ्याची वाट पाहत नाही, हे उत्तरकाशी जिल्ह्यातील द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर दिसून आले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत वर्गाचे पथक तेथे स्खलनात सापडले आणि २९ जण गेले. ती माणसे नवखी नव्हती. प्रशिक्षकही त्यांत होते.

हा नियम केवळ बर्फाचा नाही. चाकणहून राजगुरुनगर, मंचर असे पुढे गेल्यावर आंबेगाव तालुक्यात माळीण लागते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी तेथे डोंगर खचला व दीडशेच्या वर माणसे दगावली. गाव दिसेनासे झाल्याचे प्रथम लक्षात आले ते एस. टी.च्या चालकाच्या. तेथे बर्फाच्या जागी माती होती आणि हिमवृष्टीच्या जागी पाऊस. वरचा भार वाढला, आतली पकड सुटली. गोष्ट तीच.

म्हणून हिमालयात जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोठ्या हिमवृष्टीनंतर निदान एक-दोन दिवस तीव्र उतारावर जाऊ नये. पायाखाली 'धप्प' असा खचल्याचा आवाज आला, पावलापासून भेग धावत गेली किंवा शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसले, तर परत फिरावे. संशयित उतार ओलांडणे भागच असेल तर एकेकाने ओलांडावा. तंबू उताराच्या पायथ्याशी ठोकू नये. मनालीला १९६९ साली स्थापन झालेली हिम व हिमस्खलन संशोधन संस्था २०२० साली चंदीगडच्या नव्या संरक्षण संस्थेत विलीन झाली. या संस्थेची हिमस्खलनाची सूचना निघण्यापूर्वी पाहावी. संदेशयंत्र, शोधकाठी व फावडे प्रत्येकाजवळ असावे. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार कमी उरते. एवढ्या वेळात खालून मदत येत नाही. जे करायचे ते सोबत्यांनीच करायचे असते.

आपल्या वाटाड्याला निघण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारा. "वर बर्फ किती आहे?" हे तर सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, "पहिला बर्फ केव्हा पडला, आणि त्यानंतर किती दिवस कोरडे गेले?" उत्तर नीट मिळाले नाही, तर सुट्टी पुन्हा येईल, हे लक्षात ठेवून सोपी वाट धरा.