पुसलेल्या पट्ट्यांचा पंचनामा

आमच्या सोसायटीतल्या काकूंना मोटारसायकलने उडवलं, खुब्याचं हाड मोडलं. घटनास्थळाच्या पंचनाम्यात नोंद झाली की अपघाताच्या जागी झेब्रा क्रॉसिंग नाही. मोटारसायकलवाला मुलगाही तेच सांगत होता, "काकू एकदम मध्ये आल्या. इथे क्रॉसिंग आहेच कुठे?" तो खोटं बोलत नव्हता. त्याला दिसलं ते नुसतं काळं कुळकुळीत डांबर. क्रॉसिंग मात्र तिथे वर्षानुवर्षं होतं. उन्हाळ्यात डांबरीकरण झालं, पट्टे नव्या थराखाली गेले आणि ते परत मारायला कोणी आलं नाही. काकू सवयीने त्याच जागेवरून रस्ता ओलांडत होत्या.

पट्टे पुसले की चालणाऱ्याचा हक्कही कागदावरून पुसला जातो, हे तेव्हा कळलं. नियंत्रण नसलेल्या क्रॉसिंगवर चालकाने वेग कमी करून, थांबून पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, असं २०१७ चे वाहन चालवण्याचे केंद्रीय नियम सांगतात. क्रॉसिंग नसलं म्हणून चालकाची जबाबदारी संपत नाही, पण भरपाईच्या दाव्यात "चूक दोघांची" म्हणायला समोरच्या वकिलाला आयतीच जागा मिळते.

आमच्या मदतीला आला तो विसर्जन मिरवणुकीचा जुना फोटो. लेझीम खेळणाऱ्या पोरांच्या पायांखाली पांढरे पट्टे, मागे दिव्याचा खांब आणि खांबावरचा नंबर स्पष्ट दिसत होता. तो जोडून पुरवणी जबाब दिला, तेव्हा कुठे कागदावर आलं की इथे क्रॉसिंग होतं. म्हणून पहिला सल्ला हाच: आपल्या शाळेजवळच्या, दवाखान्याजवळच्या, बसथांब्याजवळच्या क्रॉसिंगचा फोटो आजच काढून ठेवा. त्यात खांबाचा नंबर किंवा दुकानाची पाटी अशी एक तरी न हलणारी खूण यायला हवी.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ३२,८२५ पायी चालणारे होते. हे सगळे पट्ट्यांअभावी गेले असं नव्हे, पण पट्टे ही त्यातल्या त्यात स्वस्तात होणारी गोष्ट आहे.

पट्टे चांगले आहेत की नाहीत, हे त्यांच्यावर उभं राहून कळत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी एका सेकंदात साधारण १४ मीटर जाते. चालकाला दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत तेवढं अंतर संपतं आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला जवळपास तेवढंच आणखी लागतं. म्हणून तीस-चाळीस ढांगा मागे जाऊन बघा. तिथून दिसत नसतील तर ते नसल्यातच जमा.

रात्रीची तपासणी वेगळी. थर्मोप्लास्टचे पट्टे साधारण दोनशे अंशांना वितळवून अडीच मिलिमीटर जाडीत ओततात, म्हणजे रुपयाच्या नाण्याहून जाड. त्यात आणि वरून काचेचे बारीक मणी असतात, जे हेडलाइटचा उजेड परत चालकाकडेच पाठवतात. टॉर्च डोळ्यांच्या उंचीला धरून लांबून पट्ट्यांवर मारा. ते लकाकले नाहीत तर मणी झिजलेत किंवा टाकलेच नव्हते. पावसात मण्यांवर पाण्याचा थर बसतो आणि उत्तम पट्टेही फिके पडतात. म्हणून तक्रारीत नुसते पट्टे मागू नका. पादचाऱ्याच्या चित्राचा फलक, क्रॉसिंगवर पडणारा दिवा आणि पट्ट्यांच्या अलीकडे स्टॉप लाइनही मागा. दोन-तीन लेनच्या रस्त्यावर ही लाइन फार महत्त्वाची. पहिली गाडी पट्ट्यांना चिकटून थांबली की तिच्याआडून निघालेला माणूस शेजारच्या लेनमधल्या गाडीला दिसतच नाही. थांबलेल्या गाडीच्या पुढून पाऊल टाकण्याआधी मान काढून बघा, मुलांनाही तेच शिकवा.

आमच्या मंडळाची पोरं ऑइल पेंट आणून स्वतःच पट्टे मारायला निघाली होती. कनिष्ठ अभियंत्याने अडवलं, ते बरोबरच केलं. तो रंग पावसात निसरडा होतो, दुचाकी घसरते. शिवाय रात्री चमकत नाही आणि काही महिन्यांत जातो.

तक्रार एका वेळी एकाच क्रॉसिंगची करा. "रस्ते सुरक्षित करा" अशा अर्जाचं कोणी काही करू शकत नाही. खांबाचा नंबर, आधीचा आणि आताचा फोटो, तारीख एवढं पुरे. तक्रार क्रमांक जपून ठेवा. नुसतं उत्तर आलं तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून डांबरीकरणाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघडलेलं काम ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, मागा. आमच्याकडे अंदाजपत्रकात पट्ट्यांची रक्कम धरलेली निघाली, मोजमापात मात्र ती ओळ कोरी. त्यानंतर अर्ज हलला. त्या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही आहे, तो फारसा कोणी वापरत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेलं कलम १९८-अ देखील अर्जात लिहा. रस्त्याचे ठरलेले निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

वेळही साधावी लागते. पट्ट्यांना कोरडा रस्ता लागतो, त्यामुळे भर पावसात कोणी मारणार नाही. पण अर्ज पावसाळ्यातच टाका, म्हणजे उघडीप होताच काम निघेल. ऑक्टोबरात जागे झालात तर निविदा निघेपर्यंत वर्ष जातं.

आमचे पट्टे दिवाळीआधी आले. पुढे पाइपलाइनसाठी आडवा चर खणला गेला, बुजवताना डांबर पडलं आणि मधले दोन पट्टे नाहीसे झाले. चर बुजवण्याच्या कामात पट्टे कोणी धरत नाही. या खेपेला तक्रार त्याच संध्याकाळी गेली, फोटोसकट, आणि ठेकेदाराचं बिल निघायच्या आत. बिल अडकलं की पट्टे लवकर येतात, हा आमचा अनुभव. तुमच्या गल्लीत खोदकाम सुरू झालं की कामाच्या फलकावरचं ठेकेदाराचं नाव आणि मुदत आधी टिपून घ्या.