पेमीची वाट : अंतर, उंची आणि वेळ

मुलांनो, गेल्या महिन्यात वर्गात बाईंनी फळ्यावर एका डोंगराचे चित्र काढले आणि त्याच्या वेगवेगळ्या भागांची नावे विचारली. सगळ्यांचे उत्तर एकच आले, "डोंगर"! एकाने "मोठा डोंगर" असे सांगितले, एवढाच फरक. मराठीत डोंगराच्या प्रत्येक अवयवाला वेगळा शब्द आहे. हे शब्द कामाला येतील असा एखादा पाठ लिहा, असे बाईंनी मला सांगितले. म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणांनी निदान गाडीतून पाहिलेल्या डोंगरांचा हा पाठ.

रान कोणाचे?

बॉस्टनहून उत्तरेला सव्वादोन तासांवर न्यू हॅम्पशायरमध्ये लिंकन गाव आहे. गावाच्या पूर्वेला, कँकमॉगस रस्त्याच्या उत्तरेस, सुमारे ४५,००० एकरांचे पेमिजवॉसेट नावाचे रान पसरले आहे. धावणारे आणि चालणारे त्याला लाडाने 'पेमी' म्हणतात.

आज तिथे दाट झाडी दिसते, पण ते जुने जंगल नव्हे. १८९३ ते १९४८ या काळात तिथे लाकूडतोडीसाठी खास रेल्वे चालत होती. डोंगरउतार बोडके झाले, आणि तोडीनंतर पडलेल्या वाळक्या फांद्यांनी पेट घेऊन १९०७ मध्ये मोठा वणवा लागला. अशा नासाडीमुळे १९११ साली 'वीक्स कायदा' झाला आणि सरकारला पूर्वेकडची जंगले विकत घेता येऊ लागली. पुढे १९६४ मध्ये विल्डरनेस कायदा आला आणि १९८४ मध्ये पेमीला त्याचे संरक्षण मिळाले.

या कायद्याचा अर्थ नीट समजून घ्या. अशा रानात रस्ता नाही, मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. पडलेले झाड कापायचे तर यांत्रिक करवत चालत नाही, हातकरवत ओढावी लागते. पेमीत एका गटात दहापेक्षा जास्त माणसे नसावीत असा नियम आहे. पाट्या आणि झाडांवरच्या रंगाच्या खुणाही मुद्दाम कमी ठेवल्या आहेत. म्हणजे माणसाच्या सोयीसाठी तिथे फारसे काही करायचेच नाही, असे ठरवून ते रान राखले आहे. त्यामुळे आपली सोय आपण घरूनच करून न्यायची.

तीन वाटा

पहिली वाट सर्वांत सोपी. लिंकन वुड्सच्या वाहनतळापासून नदीकाठाने फ्रॅन्कोनिया धबधब्यापर्यंत सव्वातीन मैल. जुन्या रेल्वेच्या मार्गावरूनच ही वाट जाते, म्हणून जवळजवळ सपाट आहे. काही ठिकाणी जमिनीत जुने लाकडी स्लीपर अजून आहेत. ते पावलांच्या मापाने टाकलेले नसल्यामुळे धावताना ठेच लागते, तेव्हा नजर खाली हवी.

दुसरी वाट बाँडक्लिफची. जाऊन-येऊन सुमारे अठरा मैल. पहिले काही मैल तोच रेल्वेमार्ग, मग चढ, आणि शेवटी ४,२६५ फुटांवर उघडा कडा. खाली पाहिले तर चहूकडे झाडीच झाडी, एकही घर नाही.

तिसरी वाट म्हणजे प्रसिद्ध 'पेमी लूप'. रानाच्या कडेकडेने, एका धारेने चढून दुसरीने उतरायचे. एकूण सुमारे ३१ मैल, आणि सगळे चढ मिळून ९,००० फुटांच्या आसपास. लिंकन वुड्सहून निघून ऑसिओच्या सोंडेवरून फ्लूम शिखर गाठायचे. मग लिबर्टी, लिटल हेस्टॅक, लिंकन आणि लाफाएट. लाफाएट सर्वांत उंच, सव्वापाच हजार फुटांच्या आसपास. हेस्टॅक ते लाफाएट पावणेदोन मैलांच्या धारेवर झाडाचा आडोसा नाही. तिथली इवलीशी झुडपे वाढायला कित्येक वर्षे लागतात, म्हणून पाऊल कातळावरच टाकायचे. पुढे गारफील्ड, मग खिंडीत गेलहेड हट, मग साउथ ट्विन, गियो, बाँड, बाँडक्लिफ, आणि पुन्हा रेल्वेमार्गाने परत.

सह्याद्रीत आपल्या जुन्या वाटा बहुधा सोंडेवरून, वळसे घेत चढतात. इथल्या जुन्या वाटा मात्र नाकासमोर सरळ वर जातात. त्यामुळे 'धावणे' हे नाव असले तरी निम्मा वेळ हात टेकून दगड-मुळांवरून चढण्यात जातो.

गणित

१८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरातल्या वेळेचा एक नियम सांगितला. त्याचाच एक प्रकार या डोंगरांच्या मार्गदर्शक पुस्तकात वापरतात. दर मैलाला अर्धा तास धरा, आणि दर हजार फूट चढाला आणखी अर्धा तास मिळवा.

गेलहेड हटपासून साउथ ट्विनचा माथा फक्त ०.८ मैल आहे, पण चढ सुमारे १,१५० फूट. मैलांची २४ मिनिटे आणि चढाची ३५, म्हणजे जवळजवळ एक तास! तेवढ्याच वेळात लिंकन वुड्सच्या सपाट वाटेवर दोन मैल होतात. नकाशावर समोच्च रेषा जिथे एकमेकींना चिकटलेल्या दिसतील, तिथे मैल विसरा आणि फूट मोजा.

आता पूर्ण लूप. ३१ मैलांचे साडेपंधरा तास, ९,००० फुटांचे साडेचार, एकूण वीस तास. हा चालणाऱ्याचा वेळ झाला. धावणाऱ्याने आपले प्रमाण स्वतः शोधायचे. छोट्या वाटांवर पुस्तकातल्या वेळेच्या किती पट वेळ लागतो ते दोन-चारदा लिहून ठेवायचे.

आमची फजिती

माझी मोठी मुलगी शाळेच्या क्रॉस कंट्री संघात आहे. दोन वर्षांपूर्वी ती सोळा वर्षांची असताना तिने पेमी लूपचा हट्ट धरला. आमचे प्रमाण ०.६५ निघाले होते, म्हणजे वीसऐवजी तेरा तास. पहाटे पाचला निघालो तर संध्याकाळी सहाला परत. ऑगस्टच्या मध्यात तिथे पावणेआठच्या सुमारास सूर्य मावळतो. पावणेदोन तास हाताशी राहत होते.

मी एका कागदावर वेळापत्रक लिहिले. सतराव्या मैलावर गेलहेड हटला पाऊण वाजता पोचायचे. आणि खाली लाल अक्षरात, "दोन वाजून गेले तर पुढे जायचे नाही." कारण साउथ ट्विनवर चढल्यानंतर गाडीकडे नेणारी दुसरी जवळची वाट नाही. हटपासून मात्र ट्विन ब्रूकच्या वाटेने थेट दरीत उतरता येते आणि ओढ्याकाठाने लिंकन वुड्स गाठता येते.

लाफाएटपर्यंत सगळे छान चालले. पण माझ्या गणितात एक चूक होती. तो नियम चढ मोजतो, उतार मोजत नाही. गारफील्डच्या पलीकडे वाट इतकी उभी उतरते, की झऱ्याचे पाणी वाटेवरूनच वाहते. तिथे आम्ही बसून, दगडांना धरून उतरलो. खडबडीत उतार चढाइतकाच वेळ खातो, हे त्या दिवशी कळले. हटला पोचलो तेव्हा दोन वाजून पन्नास मिनिटे झाली होती.

मुलगी म्हणाली, "बाबा, पन्नास मिनिटांनी काय होतंय? शेवटचे पाच मैल तर सपाट आहेत. पळत जाऊ."

आम्ही तिथेच पायरीवर बसून पुन्हा गणित केले. पुस्तकातले बारा तासांचे अंतर आम्हाला नऊ तास पन्नास मिनिटे लागले होते. म्हणजे आजचे खरे प्रमाण ०.८२. पुढे १४ मैल आणि २,००० फूट चढ, पुस्तकाप्रमाणे आठ तास, आमचे साडेसहा. म्हणजे रात्रीचे साडेनऊ वाजणार. दरीची वाट ११ मैल, बहुतेक उतार, आमचे साडेचार तास. म्हणजे साडेसातच्या आत. शिवाय डोक्याला बांधायच्या दोन दिव्यांपैकी एक मी गाडीतच विसरलो होतो. ती चूक सर्वस्वी माझी.

तिने आकडे पाहिले, काही बोलली नाही, आणि दरीच्या वाटेकडे वळली. आठवडाभर पाऊस नव्हता, म्हणून ओढे ओलांडता आले. पाऊस असता तर ही वाटही धोक्याची ठरली असती आणि हटच्या माणसांना विचारूनच पुढचे ठरवावे लागले असते. बीव्हरांनी बांध घालून साचवलेल्या पाण्याशेजारून चिखल तुडवत आम्ही साडेसातला गाडीशी पोचलो.

तुम्हाला वाटेल, मग वर वादळ झाले असेल आणि आम्ही वाचलो असू. तसे काही झाले नाही. आकाश निरभ्र होते. रात्री चांदणेही पडले. गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, झालं असतं आपलं." मी म्हणालो, "हो, बहुतेक झालं असतं." ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

तरीही तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पावणेतीनला आमच्याजवळ जेवढी माहिती होती, तेवढ्यावरच निर्णय घ्यायचा होता. रात्रीचे चांदणे दुपारी ठाऊक नव्हते. आम्ही संगणकावर काम करणारे लोक 'उद्या होईल' म्हणून सांगतो आणि आठवडा लावतो; तिथे फार तर साहेब रागावतो. रानात फोन लागत नाही. आपण अडकलो तर आपल्याला शोधायला दुसऱ्याची मुले अंधारात डोंगर चढतात. न्यू हॅम्पशायरमध्ये २०१५ पासून मिळणाऱ्या 'हाइक सेफ' कार्डाचे पैसे अशा शोधकार्यासाठीच वापरतात. कार्ड जरूर घ्या, पण ते बेफिकिरीचा परवाना नव्हे.

मागच्या उन्हाळ्यात मुलगी मैत्रिणींबरोबर पुन्हा गेली आणि लूप पूर्ण करून आली. निघण्याच्या आदल्या रात्री तिने मला एक कागद दिला. त्यात उतारांचाही वेळ धरला होता, परतीच्या वाटा लिहिल्या होत्या, आणि "दिवे ४, मोजले" असेही लिहिले होते. खाली लाल अक्षरात हटची वेळ होती. मी सांगितली नव्हती. तिने दीड वाजताची ठेवली होती, माझ्यापेक्षा अर्धा तास आधीची.

शब्दार्थ

माथा – डोंगराचा सर्वांत वरचा भाग
धार – डोंगराची लांब, अरुंद वरची कड
सोंड – मुख्य डोंगरापासून खाली उतरत गेलेला लांब फाटा
खिंड – दोन शिखरांमधला खोलगट भाग
कडा – डोंगराची सरळ तुटलेली बाजू
कातळ – उघडा, सलग खडक
ओढा – लहान नदीसारखा पाण्याचा प्रवाह
वणवा – रानात लागलेली आग
समोच्च रेषा – सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी नकाशावरची रेषा

स्वाध्याय

१. सायकलला पेमीत मनाई का असावी? तुमचे मत चार वाक्यांत लिहा.
२. बाँडक्लिफला जाताना ९ मैल आणि ३,१०० फूट चढ आहे. सकाळी सातला निघालात तर नियमाप्रमाणे माथ्यावर किती वाजता पोचाल? परतायला किती वेळ धराल? मागे फिरायची वेळ कोणती ठरवाल?
३. वरचे पाच शब्द वापरून तुम्ही पाहिलेल्या एखाद्या डोंगराचे वर्णन करा. "मोठा डोंगर" चालणार नाही!
४. मुलगी आणि बाबा यांच्यापैकी हटवर कोणाचे बरोबर होते? घरी आईबाबांशी मराठीत वाद घाला आणि पुढच्या शनिवारी वर्गात सांगा.