पेडल खाली गेलं होतं का?

कराड

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. कोइम्बतूरच्या ट्रॅकवरून परतताना तू तिला कोल्हापुरात गाडीत घेतलंस. खंबाटकीचा बोगदा संपून उताराचं वळण लागलं, तिथे तू ब्रेक दोनतीनदा घाईघाईने दाबलास आणि तुझा चेहरा उतरला, एवढंच तिला दिसलं. तिने सहज सांगितलं. मला मात्र झोप लागली नाही. खरं सांग, पेडल खाली गेलं होतं का?

डिस्कला भोकं पाडलेली, पॅड रेसिंगचे, असं तुझ्या भावाकडून कळलं. ब्रेक ऑइल कधी बदललंस? वेग दुप्पट झाला की ब्रेकवरचा भार चौपट होतो. तो सगळा डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरतो आणि ट्रॅकवर ती निवायच्या आत पुढचं वळण येतं. नवं डॉट 4 ऑइल 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि 3.7 टक्के पाणी शिरलं की हीच मर्यादा 155 पर्यंत येऊ शकते. ऑइल उकळलं की वाफ होते, पाय वाफेला दाबत राहतो आणि चाक फिरत राहतं. पेडल कडक असून गाडी थांबत नसेल, तर पॅड तापलेत. पेडल पोकळ लागलं तर दोष ऑइलचा. तुला कोणतं लागलं?

ऑइल दोन वर्षांनी बदलायचं असतं, ट्रॅकवर जाणाऱ्याने त्याहून लवकर. ते सोडून तू दिखाऊ डिस्कवर पैसे घातलेस. त्या भोकांच्या कडेनेच तडे जातात. जाड, आतून हवा खेळणारी साधी डिस्क बरी. आणि रेसिंगचे पॅड गार असताना नीट धरत नाहीत. सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर शाळेचं पोर आडवं आलं तर काय करशील? ट्रॅकवरून निघताना रस्त्याचे पॅड परत चढवायचे, यात आळस चालणार नाही. गाडीत तुझी आई होती, समीर.

ट्रॅक सोड असं मी म्हणणार नाही. मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो. मित्राच्या फियाटचं इंजिन आम्ही दोघांनी मिळून बांधलं होतं. आबा नाही म्हणाले, मी राहिलो, तो एकटा गेला. आबा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती सल गेलेली नाही. तुझ्या वाट्याला ती येऊ नये असं मनापासून वाटतं. तू जा, जोरात चालव. शेवटची फेरी तेवढी ब्रेक न वापरता सावकाश मार, आणि तापल्या चाकांवर हँडब्रेक ओढू नकोस.

फार बोललो. सुट्टीत गॅरेजमध्ये माझ्याशेजारी उकिडवा बसायचास, मी हात पुढे केला की न सांगता हवा तोच पाना ठेवायचास. तेव्हापासून तुझ्या हाताची मला खात्री आहे. पण पेडल खाली गेलं होतं का, ते मला कळव. मी रागावणार नाही.

रविवारी पहिल्या एसटीने येतो. ऑइलचे सीलबंद डबे आणि नळी मी आणतो. एअर काढायला दोघं लागतात. पेडलवर तू बस, खाली मी बसतो. तोवर गाडी जागची हलवू नकोस, आईला दवाखान्यात रिक्षाने ने.

तुझा,
मामा