वाडीतील वीजपंप व फ्यूजची तार

अलिबाग, चौल, रेवदंडा व मुरूड या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्यांना पूर्वी रहाटाने पाणी मिळे. आता ते काम वीजपंप करतो. रहाट अडला तर जनावर थांबे. पंप अडला तर मोटार थांबत नाही, अधिक प्रवाह ओढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते आणि वाइंडिंग जळते.

यासाठी दोन राखणदार असतात. तारा एकमेकींस चिकटून प्रवाह एकाएकी उसळला, तर फ्यूजची तार वितळते व प्रवाह तुटतो. परंतु सुरू होताना मोटार क्षणभर सुमारे सहापट प्रवाह घेते, म्हणून फ्यूज थोडा मोठा ठेवावा लागतो. त्यामुळे वाढलेला भार अथवा गेलेला एक फेज यांपासून मोटारीचे रक्षण स्टार्टरमधील ओव्हरलोड रिलेच करतो.

५ अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर सुमारे साडेसात अँपिअर घेते. रिले मोटारीच्या पट्टीवरील आकड्यावरच लावावा. फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार घालणे म्हणजे राखणदारास निजविणे होय, कारण शोधावे.

खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा थर चढून जोड तापतात. दरवर्षी पावसाळ्यानंतर ते वायरमनकडून साफ व घट्ट करवून घ्यावेत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील विजेचे खांब पाडले. अशा खंडानंतर तिन्ही फेज आल्याची खात्री केल्याविना पंप सुरू करू नये, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक बागायतदारास समजावून द्यावे.